झाडाचं औषध हाताले

आमच्या वरूडकडं संत्र्याचं झाड बी पेरून होत नाई. आधी जंभेरीचं, म्हणजे काटेरी रानलिंबाचं, रोप वाढवा लागते, मंग त्याच्या सालीत चीर पाडून संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटाची जागा, बसवा लागते अन् वरून पट्टी बांधा लागते. डोळे बांधणारे गावात लय आहेत, पण आमच्या घरच्या माणसानं बांधलेला डोळा वाया गेला असं सहसा होत नाई. त्यायचं नाव उत्तमराव. मी त्यायची बायको बेबी, एरवी नाव घेत नाई, पण आज घेतल्याशिवाय गोष्ट पुढं सरकणार नाई.

माणूस खुशालचेंडू. कोणाच्या लग्नाले गेले तं नवरदेवाच्या आधी मांडवामागचं लिंबाचं झाड पाहून येतीन, अन् यजमानाले त्याच्या झाडाचं दुखणं सांगून येतीन. झाडाचं सारं समजते. सोताच्या अंगाचं काही इचारा, तिथं अक्कल गहाण.

जंभेरीले काटे लय. दिवाळीनंतर एक काटा त्यायच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसला. काढला अन् लागले कामाले. काही दिवसांनं तिथं गाठ आली, फुटली, चिघळली. मंग मनगटाजवळ दुसरी आली, मंग कोपराखाली तिसरी, माळेतले मणी ओवल्यासारख्या एका रेषेत. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, बोट काही वाकेना. एका सर्जननं तं सांगूनच टाकलं का बोट काढा लागते, नाईतं हात जाईन. तारीखबी देल्ली.

डोळा बांधाचा चाकू अंगठ्याच्या अन् त्याच बोटाच्या जोरावर चालते. बोट गेलं म्हणजे यायचं सारंच गेलं. हे मातर हासून म्हणत, नऊ तं राहतात न. मले घास गोड लागेना.

आमची लेक हर्षा अमरावतीले देल्ली आहे. तिनं आमाले तिथल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं, अपेक्षा मॅडमकडं. मॅडमनं गाठी पाह्यल्या, काम काय करता ते इचारलं, काट्याचं ऐकलं अन् म्हणाल्या, "ही बुरशी असू शकते. जखमेचा तुकडा काढून बशीत वाढवून पाहू. सोमवारी या, तोवर हाताला काहीही लावू नका."

यायनं बुरशी हा शब्द ऐकला अन् पुढचं ऐकाले कान बंद. जलमभर झाडाच्या बुरशीशीच भांडण. खोडातून डिंक गळाले लागला का मोरचूद अन् चुना कालवून बोर्डो कराचं अन् बुंध्याले फासाचं, हे आमच्याकडं लेकराले बी माहीत. मी लेकीकडं थांबली होती. हे एकटे घरी गेले, बोर्डो कालवलं, ब्रश घेतला अन् बोटापासून कोपरापर्यंत सोताच्या हाताले फासलं. सोमवारी सकाळी घासूनपुसून साळसूदावानी हजर.

तुकडा काढला. आमी वाट पाहून राहिलो. शेवटी मॅडमनं बोलावलं, तं बशीत काहीच उगवलं नव्हतं. मॅडमच्या कपाळाले आठ्या. म्हणाल्या, पुरावा नसताना मी बुरशीचं औषध महिनोन्‌महिने कसं देऊ, अन् सर्जनला थांबा तरी कसं म्हणू. मंग त्यायनं इचारलं, हाताला काही लावलं होतं का. हे म्हणे, छे, काहीच नाई.

अन् माह्या डोळ्यांपुढं यायची बनियान आली. त्या आठवड्यात बाहीवरचा निळा डाग मी घासघास घासला होता. बोर्डोचा डाग कोणत्याच साबणानं जात नाई, आमच्याकडच्या बायकायले इचारा. मले वाटलं झाडायचं काम केलं असन. पण तवा तं यायचा हातच उचलत नव्हता, झाडं कोण फासते? माह्या अंगाची लाही झाली.

"मॅडम, हे खोटं बोलून राहिले," म्या म्हटलं. "यायनं हाताले झाडाचं औषध फासलं."

बोर्डो म्हणजे काय ते मॅडमले समजावून सांगितलं, तं त्या इतक्या हासल्या का चष्मा काढून डोळे पुसा लागले. म्हणाल्या, वरची बुरशी तुम्ही मारली, म्हणून बशीत काही आलं नाही, आतली मात्र मजेत आहे. हे खाली मान घालून बसले. मंग हळूच म्हणतात कसे, "मनीले बी लावणार होतो, पण ते हातीच लागली नाई."

मॅडम हासाच्या थांबल्या. मनी कोण, तिले काय झालं, सारं इचारलं. मनी आमची मांजर. दिवसभर आमच्या रोपवाटिकेत हिंडते अन् यायच्या मांडीवर झोपते. तिच्या नाकावरची जखम भरून येत नव्हती. मॅडमनं सांगितलं का ही बुरशी मांजरालेबी होते, अन् माणसाच्या जखमेत ते सूक्ष्मदर्शकाखाली हुडकून सापडत नाई, पण मांजराच्या जखमेत भरमसाट दिसते.

दुसऱ्या दिवशी मनीले भाजीच्या टोपल्यात घातलं, वर दुसरं टोपलं बांधलं अन् एस्टीनं अमरावती. रस्ताभर तिनं असा गळा काढला का अर्धी गाडी यायलेच बोलत होती. जनावराच्या डॉक्टरनं हातमोजे घालून तिच्या नाकावरचं काचेवर घेतलं, अन् मॅडमनं मले सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बारके बारके लांबट दाणे, जिकडं पाहावं तिकडं. यायच्या हाताचाबी दुसरा तुकडा काढला. त्या येळी आधीचे सारे दिवस मी यायच्या हातावर नजर ठेवून होती. बशीत बुरशी उगवली, आधी पांढरी, मंग काळी पडली. स्पोरोट्रायकोसिस असं तिचं लांबलचक नाव. मॅडमनं सर्जनले सोता फोन केला. बोट काढाचं रद्द झालं.

औषध यायले सुरू झालं अन् मनीलेबी. हे जेवल्यावर कॅप्सूल घेत, मनीची मी खिम्यात लपवून देई. दोघांत मनी शहाणी, तिनं एकबी दिवस कुरकुर केली नाई.

गाठी बसल्या. बोट वाकलं. पुढच्या हंगामात हे पुन्हा चाकू घेऊन रोपांत बसले, अन् मी पोते आणाले रोपवाटिकेतल्या खोपडीमागं गेली. तिथं जंभेरीच्या रोपायच्या पिशव्यायची एक रांग होती. पट्ट्या ढिल्या, वाकड्यातिकड्या, डोळे वाळून गेलेले. असं काम आमच्या घरी कोणी करत नाई. म्या यायले बोलावून इचारलं, हे कोणं नासवलं?

यायनं एक ढिली पट्टी बोटानं सारखी केली. मंग म्हणाले, "बोट गेल्यावर काय करू, म्हणून डाव्या हातानं शिकत होतो."

नऊ तं राहतात म्हणून हासणारा माणूस. एवढ्या दुखण्यात मी एकदाबी रडली नव्हती, तवा तिथंच मातीत बसून रडली. हे बाजूले बसले. त्या रांगेत एका रोपाचा डोळा तेवढा फुटला होता, कोंब आडवा पण हिरवागार.

ते रोप मी कोणाले विकू देल्लं नाई.