हात सोडा, आजी

कोपऱ्यावरच्या दुकानात वर्षानुवर्षं बिलं करणाऱ्या बाई म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. तिथे आता कॅमेऱ्याचं यंत्र आलं. वस्तू ट्रेमध्ये ठेवली की ते ओळखून बिल करतं. लोकांना ते शिकवून झालं की वहिनींची नोकरी संपणार होती.

शेवटच्या दिवशी मी ट्रेमध्ये ब्रेड ठेवला, पण सवयीने धरूनच उभी राहिले. कॅमेऱ्याला नुसता माझा हात दिसत होता.

"हात काढा, आजी," मालक म्हणाले. मी आणखी घट्ट धरला.

"सोडा हो," वहिनी हसल्या. "मी आहे ना, कोण पळवतंय?"

मी लगेच सोडला. रांगेत माझ्या मागचे आजोबाही वहिनींनी सांगेपर्यंत ट्रेमधला साबण सोडेनात.

मालकांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, उद्यापासूनही या. ही मंडळी माझ्या बापाचंसुद्धा ऐकायची नाहीत."