आपलं ते कार्ट्रिज

आमचे भावजी जुने व्हिडिओ गेम विकतात, असं ताई सगळ्यांना सांगते. यातलं अर्धंच खरं. भावजी जुने व्हिडिओ गेम विकत घेतात आणि विकायला काढतात, इथवर ठीक. पण विकतात असं म्हणायचं तर एखादी तरी वस्तू घराबाहेर गेलेली कुणीतरी पाहिलेली असावी लागते. मी त्यांचा सख्खा मेहुणा, बारा वर्षं त्या घरी येऊन-जाऊन आहे. मी पाहिलेली नाही.

नोकरीने भावजी वजनमापे खात्यात निरीक्षक. आठवडाभर दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, किलोच्या वजनाच्या बुडातून कुणी शिसं खरवडलंय का ते बघायचं, आणि दुकानदाराचा चेहरा पडला की आपला फुलवायचा. तीस वर्षं दुसऱ्याचं खोटं हुंगण्यात गेली की नाकाला एक कायमचं वळण पडतं. नाकाने कांदे सोलणे हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा काढला, त्याच्या शेजारी भावजींसारखंच कुणीतरी राहत असणार.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. त्यातली आतली खोली, म्हणजे ज्या खोलीला खिडकी आहे ती, व्हिडिओ गेमची. छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळे पडलेले कन्सोल, वायरींची वेटोळी, एक-एक बटण गळालेले कंट्रोलर. मधोमध एक पोट सुटलेला जुना टीव्ही. घरात भिंतीवर चांगला सपाट टीव्ही असताना हे धूड कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "सपाट टीव्हीवर या बंदुकीचा नेम लागत नाही, मेहुणे," भावजी म्हणाले, आणि प्लास्टिकच्या बंदुकीने त्यांनी एक बदक उडवलं. बदकावर नेम धरून बसलेला पंचावन्न वर्षांचा सरकारी निरीक्षक ज्याने पाहिला नाही, त्याने गांभीर्य म्हणजे काय ते पाहिलं नाही.

आणि ताई? ताई कपड्यांची शिलाई करते. लोकांच्या पॅन्टी आखूड करून देते, पडदे शिवते, फ्रॉक शिवते, घराचा अर्धा खर्च त्यावर चालतो. तिचं मशीन आतल्या खोलीकडे आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात. उजेड चाळीसच्या दिव्याचा. न्हाणीघरात जाणारा येणारा प्रत्येकजण म्हणतो, "जरा पाय घे गं," की ताईने पायट्यावरून पाय उचलायचा, शिलाई थांबवायची, माणूस गेला की पुन्हा सुरू. ती म्हणते, तिने आयुष्यात एक सबंध सरळ शिलाई फक्त घरात कुणी नसताना घातली आहे.

खोली मिळावी एवढीच तिची मागणी. भावजींचं उत्तर ठरलेलं: "माल विकला की खोली तुझी."

आता हा माल का विकला जात नाही, ते ऐका. गिऱ्हाईक येतं. बँकेत काम करणारे एक गृहस्थ आले होते तो दिवस मला आठवतो. चाळिशीचे, गोल, हसरे. फळीवरची एक वस्तू बघून त्यांचे डोळेच भरून आले.

"अरे! ही कॅसेट! लहानपणी होती माझ्याकडे!"

"कॅसेट?" भावजींनी इतक्या हळू विचारलं की मीच दचकलो. "कॅसेट गाण्यांची असते. हे कार्ट्रिज."

"हो हो, तेच. कितीला देणार?"

"देण्याचं नंतर बघू. समजा लावलं आणि चाललं नाही. तर काय कराल?"

त्या सज्जनाने गाल फुगवले आणि हवेतल्या हवेत मनापासून एक लांब फुंकर मारली. आमच्या अख्ख्या पिढीने जी मारली आहे, तीच.

भावजींनी कार्ट्रिज फळीवर परत ठेवलं.

"तुमची थुंकी उडते आत. तांब्याच्या पट्ट्यांना गंज चढतो. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून पुसायचं असतं."

"पण फुंकलं की चालायची हो!"

"काढून पुन्हा घातली म्हणून चालायची. फुंकरीने फुकटचं श्रेय घेतलं. नाही जमायचं, या तुम्ही."

गृहस्थ गेले. जाताना बोळात ताईला "जरा पाय घ्या" म्हणाले. भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय?" अशी गाढवं आठवड्याला तीन-चार येत. कुणी फुंकर मारली म्हणून नापास, कुणी मुलासाठी हवंय म्हणाला म्हणून नापास, एक तर नुसता "किती गोड!" म्हणाला म्हणून. पण हेच भावजी रविवारी जुन्या बाजारात खरेदीला गेले की भाषा बघा: "काय ही मोडकी कॅसेट आणून ठेवलीस!" दुसऱ्याची ती कॅसेट, आपलं ते कार्ट्रिज.

त्याच बाजारात, नळ-बिजागऱ्या विकणाऱ्या एका माणसाकडे, त्यांना तो डबा सापडला. सीलबंद. पस्तीस वर्षांपूर्वीचा गेम, कारखान्यातून निघाला तसा, वर पारदर्शक कागद, कधीही न उघडलेला. या शौकात न उघडलेल्या डब्याला जो भाव येतो, तो ऐकून शहाण्या माणसाला हसू येतं आणि भावजींना घाम. त्यांनी काय मोजले ते मी सांगणार नाही, कारण ताईला अजून नक्की आकडा ठाऊक नाही. घेण्याआधी मात्र त्यांनी आपली विद्या लावली. खिशातला छोटा तराजू काढला, डबा तोलला, वहीत टिपलेल्या अस्सल डब्याच्या वजनाशी ताडून पाहिला. ग्रॅमचाही फरक नाही.

"वजन खोटं बोलत नाही, मेहुणे," घरी आल्यावर ते मला म्हणाले. "त्या नळवाल्या गाढवाला कळलंच नाही त्याने काय दिलं. हा एक विकला की बाहेर गाळा घेतो, सगळं तिकडे हलवतो."

जाहिरातीसाठी डब्याचा फोटो काढायचा होता. मागची बाजू उजेडाकडे धरायला त्यांनी ताईला बोलावलं. त्या डब्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला तो एवढाच. ताईने डबा धरला, कागदाच्या जोडावरून सवयीने अंगठा फिरवला आणि म्हणाली,

"अहो, हे उसवलेलं आहे."

"काय?"

"उसवून पुन्हा बंद केलंय कुणीतरी. हा बघा, पुठ्ठ्यावर जुन्या जोडाचा वळ उठलाय. आणि आत्ताचा जोड त्याच्यावर नाहीये, सूतभर शेजारी आहे. पॅन्ट उसवून पुन्हा शिवली की जुन्या टाक्यांची रेघ राहते ना, तसं."

"तू पॅन्टी बघ," भावजी म्हणाले. "यातलं तुला काय कळतं?"

"मला जोड कळतो."

भावजींचं नाक लाल झालं. "खोटा निघाला तर त्याच दिवशी खोली रिकामी करून देतो! मेहुणे, तुम्ही साक्षीदार!"

"उघडा मग."

"उघडू? उघडला की किंमत मातीमोल!"

पैज लावावी तर अशी. हरायचं तर डबा उघडायला हवा, आणि डबा उघडणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भावजींनी मूठ झाकली ती झाकली, वर तिच्यावर पैजही लावली.

पण चार दिवसांनी मी गेलो तेव्हा ते खिडकीशी भिंग घेऊन बसले होते. मला पाहताच भिंग उशीखाली गेलं. त्यांचं नाक मी बारा वर्षं ओळखतो. ते खाली उतरलं होतं. वळ त्यांनाही दिसला होता.

"घेणाऱ्याला सांगा तरी," ताई बोळातून म्हणाली.

"घेणाऱ्याने बघून घ्यावं."

"हे तर तुमचे दुकानदार म्हणतात."



रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. हा मोठा संग्राहक. खिशातून पांढरे हातमोजे काढून त्याने ते हातात चढवले, म्हणून आपण त्याला हातमोजे म्हणू. आल्या आल्या फळ्यांकडे बघून तो म्हणाला, "हे काय, भंगार का?" माझ्या अंगावर काटा आला. या घरात नाक मुरडण्याचा मक्ता एकाच माणसाकडे आहे.

भावजींनी गिळलं. डबा पुढे केला. हातमोज्यांनी बॅटरी लावली, डबा फिरवला, डोळे मिटले, उघडले.

"अप्रतिम. कारखान्याचं सील. अस्सल."

एवढ्यावर थांबला असता तर दोन मिनिटांत सौदा होऊन भावजी सुटले असते. पण पारखी माणसाला पारख दाखवल्याशिवाय पचत नाही.

"खोटं ओळखायचं कसं, सांगतो तुम्हाला," तो म्हणाला. "हा मागचा जोड बघायचा. खोट्यात तो वाकडा असतो. तुमच्यासारख्या किरकोळ विक्रेत्यांना हे कळत नाही. डोळा लागतो त्याला."

भावजींच्या नाकपुड्या फुलल्या. मी मनात म्हटलं, गप्प बसा, भावजी, फक्त गप्प बसा.

"त्या जोडाशेजारी," भावजी म्हणाले, "एक वळ आहे. दिसतोय?"

"तो उजेडाचा भास."

"भास? अहो, पॅन्टी शिवणाऱ्या बाईला कळलं ते एका मिनिटात! उसवलेला डबा आहे हा!"

हातमोजे गालात हसले. "आलं लक्षात. भाव वाढवायचाय. ठीक आहे." आणि त्याने आकडा वाढवला.

"खोटा आहे म्हणतोय मी!"

त्याने आणखी वाढवला. बोळातलं मशीन थांबलं. भावजींकडे बघवत नव्हतं. एका बाजूला गाळा, खोली, टीव्ही, बदकं. दुसऱ्या बाजूला खोट्याला खरं म्हणणारं एक गाढव, आणि तेही वर शिकवणारं. प्रामाणिकपणाने माणसं खरं बोलतात असं पुस्तकात असतं. आमचे भावजी केवळ तुच्छतेपोटी खरं बोलले. ते बोळात गेले, ताईच्या मशीनवरचं टाके उसवायचं टोकदार हत्यार उचलून आणलं आणि हातमोज्यांच्या नाकासमोर तो कागद वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडला.

आत होती धुण्याच्या साबणाची वडी. नीट कापलेली, तासलेली, वाळून खडखडीत झालेली.

भावजींनी वडी तळहातावर घेतली, जरा खालीवर केली.

"वजन मात्र बरोबर आहे," ते म्हणाले. बारा वर्षांत दुसऱ्या माणसाच्या कामाबद्दल त्यांच्या आवाजात आदर ऐकला तो हा एकदाच. नळवाला गाढव नव्हता.

हातमोजे खाकरले. "रिकाम्या डब्याचे काय घ्याल?"

भावजींनी त्याला ज्या नजरेने दारापर्यंत पोचवलं, ती किलोला आठशे ग्रॅम देणाऱ्यांसाठी राखीव असते.

ताई टेप घेऊन आतल्या खोलीत शिरली. तिने खिडकीपासून अंतर मोजलं आणि हात मागे केला.

"तो साबण द्या इकडे. वाळलेला आहे, खुणा करायला बरा."

तिने साबणाने फरशीवर मशीनच्या चारही पायांच्या खुणा केल्या. मी आणि भावजींनी टीव्ही उचलला. एका पिशवीत मावतील एवढ्याच आठवणी जपाव्यात, हे असा टीव्ही उचलला की पटतं. दुपारपर्यंत ते सगळं साम्राज्य बोळात आलं, आणि चाळीसच्या दिव्याखाली त्याच्या मधोमध स्टुलावर सम्राट.

"रेघ तिरकी आलीये तुझी," तिथूनच ते ओरडले.

आतून मशीनचा आवाज आला. लांबलचक, न थांबणारा. मग तो थांबला आणि ताई खोलीतून बाहेर आली. तिला न्हाणीघरात जायचं होतं.

"अहो," ती म्हणाली, "जरा पाय घ्या."