कोर्वालच्या पत्त्यावर गेलेली पानं

प्रमिला शिरढोणकर लग्न होऊन उज्जैनहून भोपाळला आली ती थेट विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात. नवरा यशवंत वाइंडिंग विभागात टेक्निशियन. वर्षभरात तिलाही कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरची नोकरी लागली. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईने हुबेहूब गिरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तिचा हात इतका साफ, की मोठे साहेब नव्या मुलींना तिचे कागद दाखवायचे.

१९६८ साली एक मोठं यंत्र बसवायला आलेला फ्रेंच इंजिनियर परत जाताना क्लबच्या लायब्ररीला चित्रकथांची तीन पुस्तकं देऊन गेला. ती कपाटात धूळ खात पडली. लायब्ररी सांभाळणारा श्याम एक दिवस म्हणाला, "ले जाइए दीदी, यहाँ कौन पढ़ेगा?"

एतिएन कोर्वाल नावाच्या माणसाची ती पुस्तकं. डोंगरातल्या गावांना सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या एका पोस्टमनची गोष्ट. प्रमिलेला फ्रेंच ओ की ठो कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. पोस्टमन चढावर दमला की ती जाड व्हायची आणि उतारावर केसासारखी बारीक.

"अहो, बघा ना, वारा कसा काढलाय! वारा कुठे दिसत नाही, नुसती टोपी धरलीय त्याने."

यशवंतने बघितलं. "टोपी चांगली आहे," तो म्हणाला. मनाचा सरळ माणूस होता. पण तिला काय दिसतंय ते त्याला दिसलं नाही, आणि त्यामुळे तिला फार एकटं वाटलं.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी चित्रकाराचा फोटो होता, खाली दहा-बारा ओळी. त्या वाचून घ्यायच्या हे तिच्या डोक्यात बसलं. शहरातल्या चार इमली भागात एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी राहत, लीलावतीबाई. त्यांचं लहानपण पाँडिचेरीत गेलेलं. महाराष्ट्र मंडळातली जुजबी ओळख काढून प्रमिला पुस्तक घेऊन गेली.

लीलावतीबाई चष्मा लावून सावकाश सांगू लागल्या. "घड्याळजीचा मुलगा हा. चौदाव्या वर्षी छापखान्यात लागला. दुसऱ्यांनी काढलेली चित्रं शाईने गिरवायची, असं बारा वर्षं केलं. चाळिशीला पहिलं स्वतःचं पुस्तक."

"गिरवायची? म्हणजे ट्रेसरच की हो!"

"तसंच म्हण."

त्या दिवशी बस चुकली तरी तिला कळलं नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरू लागली. पोस्टमन तोच, पण भोपाळच्या श्यामला हिल टेकडीच्या चढावर, तलावाच्या काठाने. बारा पानं व्हायला सहा वर्षं गेली. लीलावतीबाईंनी फ्रेंचमध्ये पत्र लिहून दिलं आणि पुस्तकावरच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पाकीट रवाना झालं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. खुद्द कोर्वालचं. लीलावतीबाई वाचता वाचता थांबल्या.

"काय लिहिलंय, मावशी?"

"अगं, लिहितोय की हात फार सुरेख आहे. पण हा हात माझा आहे, मी तो ओळखतो. तुमचा कुठे आहे? तुमच्या दारासमोरून काय जातं, ते मला पाठवा."

प्रमिलेने पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि दोन वर्षं घरी पेन्सिल धरली नाही. राग कोर्वालवर नव्हता. दारासमोर बसून तिने पाहिलं होतं, आणि काय काढायचं ते कळलं नव्हतं.

मग एकदा तापातून उठली असताना ती दारापुढच्या ओट्यावर बसली होती. भोंगा झाला, शिफ्ट सुटली आणि सायकलींचा लोंढा आला. एक बाई उलट दिशेने, डबा घेऊन, त्या लोंढ्यातून वाट काढत चालली होती. तिचा नवरा ओव्हरटाइमला थांबला असावा. सायकली तिच्या दोन्ही बाजूंनी फाकत होत्या. प्रमिलेने आतून कागद आणला. रेघ वेडीवाकडी आली, एका ठिकाणी शाई फुटली. तिने खोडलं नाही. ते एकच पान तिने पाठवलं.

या वेळी उत्तर कोर्वालच्या मुलीचं होतं. तिने लिहिलं होतं: वडिलांची नजर गेली आहे, त्यांनी काम सोडलं आहे. पान मी त्यांना घर-घर करून, एकेका चौकटीतलं चित्र वर्णन करून, सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं आणि विचारलं, ती डबा घेऊन कुणाकडे चालली आहे? पुढे काय होतं?

प्रमिला लीलावतीबाईंच्या व्हरांड्यात ढसाढसा रडली.

त्यानंतर तिने सात पानं पाठवली, दर काही महिन्यांनी एक. पहिल्या तीन पानांना मुलीची दोन-दोन ओळींची उत्तरं आली. पुढे काहीच नाही. लीलावतीबाई मुलाकडे नागपूरला गेल्या, मग फ्रेंचही राहिलं नाही. प्रमिला नुसती पानं पाठवत राहिली, आणि एक दिवस शेवटचं पाकीट शिक्के मारून परत आलं.

ऑफिसात कॉम्प्युटर आले, ट्रेसरांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. निवृत्तीनंतर दोघांनी सोनागिरीत घर बांधलं. डबेवाल्या बाईची गोष्ट तोवर दीडशे पानांवर गेली होती. जवाहर चौकातल्या एका छापखान्याच्या मालकाशी यशवंत स्वतःच बोलून आला.

"छापू या का ग? तो म्हणतो, तीनशे प्रती सहज जातील."

"ती अजून कारखान्याच्या गेटपाशी पोचली नाहीये," प्रमिला म्हणाली.

"मग पोचव की तिला. किती वर्षं चालवणार?"

ती हसली आणि टेबलाशी जाऊन बसली. टेबल तिने उत्तरेच्या खिडकीशी लावून घेतलं होतं, उजेड तिथे बरा यायचा. तिकडे, त्या दूरच्या देशातल्या कोर्वालच्या खोलीत, कुणी आता ऐकायला आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने पुढचं पान काढायला घेतलं, आणि काढता काढता हलक्या आवाजात एकेक घर सांगत राहिली: इथे सायकलवाला मागे वळून बघतो, इथे ती पदर खोचते, आता रस्ता मोकळा होतोय.