सामानापाशी बसलेली आत्या

मी देवळाली प्रवऱ्यात विज्ञान शिकवतो. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मुद्दाम ओलांडून जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं कारण तेवढंच नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. शिर्डी असो, लग्न असो, दवाखाना असो — सामानापाशी आत्या बसते. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून तिची जागा ठरलेली. अंदमानला तिला नेलं ते, खरं सांगायचं तर, त्यासाठीच.

तिथलं एक बेट बघायला गेलो, ते अगदी छोटं. एकच रस्ता. एका टोकाला जेट्टी, दुसऱ्या टोकाला बीच, मध्ये नऊ किलोमीटर सुपारीच्या बागा. रिक्षा केली असती तर मी, बायको आणि आत्या, तिघंही मावलो असतो. मी दोघांपुरती स्कूटी भाड्यानं घेतली.

"मला बी समुद्रात पाय बुडवायचे हुते रं," आत्या म्हणाली.

"तिकडं काही नाही गं, नुसतं ऊन आहे." असं म्हणून मी तिला जेट्टीच्या शेडमध्ये बॅगांपाशी बसवलं.

बीचवर पोचलो, तर आत्या गुडघाभर पाण्यात उभी! लुगडं वर खोचलेलं, एकटीच हसत होती. वाटेत आम्हाला एकाही गाडीनं मागं टाकलं नव्हतं.

"अहो, आत्या इथं कशा?" बायकोनं माझा दंड धरला. म्हणजे भास माझ्या एकट्याचा नव्हता.

आणि मी काय बोलावं? "सामान कुणाच्या भरवशावर सोडलंस?"

"लई मोटं पानी हाय रं..."

"चालत आलीस ना? मग चालतच जा परत!" चारचौघांत ओरडलो. दोन-तीन पर्यटक हसले. ती मान खाली घालून रस्त्याला लागली. आम्ही नारळपाणी प्यायलो, फोटो काढले.

परतताना ती वाटेत भेटेल असं वाटलं होतं. रस्ता संपला, ती दिसली नाही. ती जेट्टीवर होती, बॅगांना टेकून बसलेली. लुगडं कोरडं ठाक. अम्मा सकाळपासून जागची हललीच नाही, असं शेजारच्या चहावालीनं हिंदीत सांगितलं. पण आत्याच्या तळव्यांना टरारून फोड आले होते, आणि टाचांच्या भेगांत ओली पांढरी वाळू.

"कुठं गेली होतीस?"

"मी कुटं जाते? हितंच हाय की. सामान बघून घे."

पंधरा दिवस तिला पाय टेकवत नव्हता, हे आमच्या डॉक्टरांनी पाहिलंय. बाकीचं मला आजही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात पुतणीचं लग्न झालं. कार्यालयात कुणीतरी विचारलं, "सामानापाशी कोण बसतंय?" आत्या माझ्याकडे बघत होती. मी खोलीकडे बोट दाखवलं. ती गेली.

अक्षता टाकताना मी मान वर केली नाही. ती मांडवात कुठं उभी दिसली असती, तर मी पुन्हा तेच ओरडलो असतो.