तिसऱ्या वाटीतलं वरण

आमच्या सहकारी धान्य भांडाराच्या संचालकांना मानधन मिळत नाही, पण वर्षातून चार-पाच वेळा फुकटचं जेवण मिळतं. तेही एकाच पदार्थाचं. ज्वारीचा नवा माल घ्यायचा असेल तर नुसत्या भाकरी, तुरीची डाळ घ्यायची असेल तर नुसतं वरण. सोबत लोणचं वाढायचं नाही, कारण लोणच्याबरोबर सगळंच बरं लागतं. हा लोणच्याचा नियम माझा आहे आणि त्याबद्दल मला अजून कोणी माफ केलेलं नाही.

तुम्ही दोघं ज्याला ‘आजीचं दुकान’ म्हणता ते आजीचं नाही, हे आधी सांगते. पुसदमधली आणि आसपासच्या गावांतली बरीच कुटुंबं त्याची मालक आहेत. प्रत्येकाचा हिस्सा, प्रत्येकाचं एक मत, आणि सगळ्यांनी मिळून निवडलेले आम्ही सात संचालक. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता पुस्तकं वाचीन. पहिल्याच सभेत अध्यक्षांनी माझं अक्षर पाहिलं आणि इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. ते अजून परत घेतलेलं नाही.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. दुसरे महत्त्वाचे संचालक म्हणजे बसस्टँडजवळचे टेलर, कारण ते कशालाही विरोध करतात आणि मग सगळ्यांच्या आधी कामाला लागतात. आणि तिसऱ्या त्या, ज्यांच्यामुळे हे लिहायला बसले. शहरापासून एसटीने पाऊण तासावर त्यांचा तांडा आहे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखोमुलखी फिरायचे. आता सगळे शेती करतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मंडळात त्या ‘ताई’ आणि मी ‘मॅडम’.

वाट्यांवर नंबर घालण्याची पद्धतही मीच आणली. त्याआधी व्हायचं असं की माल कोणाच्या तरी ओळखीचा असायचा, तो माणूस समोर बसलेला असायचा, आणि सगळे म्हणायचे, ‘वा, झकास!’ तोंडावर वाईट कोण म्हणणार? असा एकदा झकास गहू आम्ही घेतला. त्याच्या पोळ्या दुपारपर्यंत पापडासारख्या व्हायच्या. मग मी ठराव लिहिला. एका संचालकाने सगळे नमुने एकाच पद्धतीने शिजवायचे. वाट्यांवर फक्त नंबर. ज्याचा माल असेल त्याने बाहेर बसायचं. उरलेल्यांनी आवडलेल्या वाटीपुढे एकेक चिंचोका ठेवायचा. शेवटचं वाक्य होतं, ‘निकाल अंतिम राहील.’ ते लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात ताई एका पिशवीत दोन किलो डाळ घेऊन सभेला आल्या. पिशवी टेबलावर ठेवली आणि बसल्याही नाहीत.

“नऊ बाया हाय आमच्या गटात,” त्या म्हणाल्या. “यंदा कोनंच तूर मार्केटात नेली नाई. मीच म्हनलं, नेऊ नका. तेल लावलं, वाळवली, आमच्या गटाच्याच गिरणीवर भरडली. आता माह्या घरी ड्रम भरून ठेवले हाय.”

“कोणाला विकणार?” मास्तरांनी विचारलं.

“कोनाले म्हणजे? भांडाराले!” मग जरा हळू आवाजात, “तुम्ही घेतली तं गिरणी चालन. नाई घेतली तं पुढच्या साली बाया मार्केटातच नेतीन, अन् नेतीनच. माहं कोन आयकन मंग?”

आम्ही सगळे तिथल्या तिथे ‘घेऊ’ म्हणणार होतो. खरं सांगते, माझाही हात वर जात होता. पण टेलरभाऊंनी घसा खाकरला. “नंबर लावा. नियम हाय नं मॅडमचा? तांड्याची असो की अमेरिकेची असो, वाटीतच ठरन.”

ताई म्हणाल्या, “लावा नं. भेतो काय आम्ही?”

शिजवायची पाळी माझी होती. रविवारी सकाळी मी तीन डबे मांडले. एकात आमची नेहमीची डाळ, दुसऱ्यात अकोल्याकडून येणारी पॉलिशची, तिसऱ्यात तांड्याची. माझी स्टीलची मापाची वाटी तुम्ही पाहिली आहे. एक वाटी डाळ, दोन वाट्या पाणी, तिन्हींना अगदी सारखं. हळद सारखी, मीठ सारखं, एकाच कुकरमध्ये, चार शिट्ट्या. कोणत्या डब्यात काय ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी घालून मास्तरांच्या खिशात दिली. इतकी स्वच्छ परीक्षा मी विद्यापीठातही घेतली नव्हती.

ताईंना नियमाप्रमाणे बाहेर ओट्यावर बसवलं. मी शिजवलेलं असल्यामुळे माझं मत नव्हतं. उरलेले पाच जण माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती चमचे घेऊन बसले आणि शेजारचे दार उघडून पाहून गेले, की यांच्याकडे आज काय कार्यक्रम आहे.

“दोन नंबर,” टेलरभाऊंनी डोळे मिटले. “ही तांड्याची. आपल्या मातीचा वास लपत नाई, बाप्पा.”

मास्तरांनीही मान डोलावली. चार चिंचोके दोन नंबरपुढे पडले. एक पडला पहिल्यापुढे. तिसऱ्या वाटीत वरण म्हणावं असं काही नव्हतंच. डाळीचा दाणा न् दाणा वेगळा उभा होता. चमचा घातला की खडखड वाजत होता. त्या वाटीकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मास्तरांनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला, वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. “दोन नंबर पॉलिशची,” ते म्हणाले. “तीन तांड्याची.”

टेलरभाऊ म्हणाले, “माती अकोल्याचीबी चांगली असते मा.”

ताईंना आत बोलावलं. त्यांनी आमची तोंडं पाहिली, मग चिंचोके पाहिले. कोणी सांगायची गरजच पडली नाही. त्या सरळ तिसऱ्या वाटीशी गेल्या आणि त्यातला एक दाणा बोटांत धरून दाबला.

“कोनं शिजवली?”

“मी.”

“पानी किती टाकलं?”

“दोन वाट्या. तिन्हींना सारखंच,” मी म्हणाले, आणि तेव्हाही मला ते अभिमानानेच म्हणायचं होतं.

“भिजू घातली होती?”

“कोणतीच नाही. एकीला भिजवून दुसरीला न भिजवणं बरोबर झालं नसतं.”

ताईंनी दाणा परत वाटीत टाकला. “मॅडम, तीन लेकरांले एकाच मापाचे सदरे शिवले तुम्ही. मंग म्हनता, याच्याच काखेत काहून फाटला?”

टेलरभाऊंना हसू आवरेना. “आता कसं,” ते म्हणाले, “आता माह्या धंद्यातली गोष्ट केली!”

मला मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, ही बाई हरली म्हणून परीक्षेला नावं ठेवते आहे. चाळीस वर्षं मुलांनी माझ्यासमोर हेच केलं होतं: पेपर कठीण होता, वेळ कमी होता. मी रजिस्टर उघडलं आणि त्यांना ठरावाचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. निकाल अंतिम राहील. वाचताना माझा आवाज वर्गातला झाला होता. बाळांनो, तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही. तुमच्या आईने ऐकला आहे.

ताईंनी वाद घातला नाही. पदर खोचला, दारातल्या चपला पायात घातल्या. त्यांची एसटी तासाभराने होती. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाल्या, “ठीक हाय. पन मले एक सांगा मॅडम, तांड्यावर जाऊन बायांले काय सांगू? दाळ चांगली नाई म्हनू, का शिजली नाई म्हनू?”

मी रजिस्टर मिटलं. न शिजलेल्या डाळीची चव पाचही जणांनी घेतली होती, पण डाळीची चव कोणी घेतलीच नव्हती. पॉलिशची डाळ घासून घासून पातळ केलेली असते, ती थोड्या पाण्यात पटकन विरघळते. ही जाड, नुकती भरडलेली, तेल लावून वाळवलेली. तिला जास्त पाणी लागणार, जास्त वेळ लागणार, हे कोणत्याही स्वयंपाकिणीला कळलं असतं. मलाही कळतं. पण त्या दिवशी मी स्वयंपाक करतच नव्हते, मी परीक्षा घेत होते.

“चपला काढा, ताई,” मी म्हणाले. “चूक माझी आहे.”

हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

आता करायचं काय? ठरावात दुसऱ्या परीक्षेची सोय नव्हती. टेलरभाऊ म्हणाले, तांड्यावर जाऊन चुलीवर शिजवलेली खाऊ. त्याला विरोधही त्यांनीच केला: “तिथं कोंबडं कापतीन आपल्यासाठी, मंग कोन नाई म्हनन?” शेवटी मास्तर बोलले. “काय गा, आपलं गिऱ्हाईक मॅडमच्या कुकरात शिजवते काय? ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या पद्धतीनं शिजू द्या. आठ दिवसांनी सांगा.”

मग आम्ही ताईंच्या पिशवीतून आपापली वाटणी घेतली. त्या रात्रीपर्यंत मला धीर नव्हता. दुपारीच ताईंना फोन लावला.

“तासभर भिजू द्या,” त्या म्हणाल्या. मागे एसटीची घंटी वाजत होती. “मंग तीन वाट्या पानी. थोडं जास्तच. अन् मॅडम, शिट्ट्या मोजू नका.”

“मग झाली हे कळणार कसं?”

“वासानं.”

बाळांनो, शिट्ट्या न मोजता कुकरसमोर उभं राहून पाहा कधीतरी. मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले आणि अंगणातलं तुळशीवृंदावन विनाकारण दोनदा पुसलं. तरीही सहा झाल्याचं मला कळलंच. सातवीच्या आधी मात्र खरोखर वास आला, भाजल्यासारखा, गोडसर. झाकण काढलं तर वरण दाट, पिवळंधम्मक, आणि त्यात कुठेकुठे सालाचे तांबूस ठिपके. मी उभ्यानेच वाटीभर खाल्लं. लोणच्याशिवाय.

पुढच्या रविवारच्या सभेत सगळ्यांनी आपापल्या घरचं ऐकवलं. मास्तरांच्या पत्नीचा निरोप होता की चव छान, पण गॅस भारी खाते. टेलरभाऊंच्या आईने, जिला आता फारसं दिसत नाही, पहिल्या घासाला विचारलं होतं, “ही आपल्या वावरातली हाय काय रे?” त्यांचं वावर विकून कित्येक वर्षं झाली. हे सांगताना टेलरभाऊ माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते. दोघांनी स्पष्ट नाही म्हटलं. एकाची सून सकाळी साडेआठला शाळेत शिकवायला निघते. तिने सासऱ्यांना विचारलं होतं, “डाळ भिजवू की डबा भरू?” तिचंही बरोबरच होतं.

या वेळी चिंचोके नव्हते, हात वर झाले. चार बाजूने, दोन विरुद्ध. नियमाप्रमाणे ताईंनी हात वर केला नाही. तांड्याची सगळी डाळ घ्यायची, पण पॉलिशचीही बंद करायची नाही, दोन्ही शेजारी ठेवायच्या, असं ठरलं. ताईंना दुसरा भाग आवडला नाही. “तिच्याजवळ ठेवता? बाजूले सवत बसवल्यासारखी?” पण त्यांनी मान्य केलं.

आमचं खरं भांडण पुढे झालं. मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं: ‘एक तास भिजवावी. तीन वाट्या पाणी. घाई करू नये.’ ते मी पोत्यावर टाचणार, तेवढ्यात ताईंनी ते काढून घेतलं.

“कायले? आमच्या दाळीले बिमारी हाय काय, चिठ्ठी लावता? दवाई हाय काय, जेवणानंतर घ्या म्हनाले?”

“लोकांना कळणार कसं? माझ्यासारखीच फसतील.”

“मी सांगीन नं!”

आणि खरंच, माल आल्यावर पहिले चार दिवस त्या रोज सकाळच्या एसटीने येऊन गल्ल्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी, मंगळवारी, गल्ल्यावर माझी पाळी होती, म्हणून पहिलं गिऱ्हाईक मी पाहिलं. कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ. त्यांनी दोन्ही पोत्यांत हात घातला आणि विचारलं, “ही लवकर शिजते का?”

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

“नाई शिजत,” ताई म्हणाल्या. “घाई असन तं ती बाजूची न्या. ती पटकन होते. ही ज्याले घरी बसून जेवाचं हाय त्याच्यासाठी.”

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड बंद ठेवलं, जे मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

“दोन किलो द्या,” ते म्हणाले.

ते पायऱ्या उतरेपर्यंत ताईंनी पोत्याचं तोंड नीट केलं. मग त्यांनी फोन काढला आणि तांड्यावर लावला. त्या त्यांच्या बोलीत भराभर बोलत होत्या. मला त्यातलं फक्त ‘दोन किलो’ समजलं. फोनच्या त्या टोकाला एकदम इतका गलका झाला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला, आणि हसत हसत माझ्यापुढे केला, ऐका म्हणून.