वाटणीतलं माणूस

बासमतीच्या रिकाम्या पोत्याला तीन भोकं पाडली होती. एक डोक्यासाठी, दोन हातांसाठी. ते पोतं माझ्या अंगात घालताना काकू म्हणाल्या, "मेकअपचा खर्च वाचला बघ. रंग आधीच जुळलाय."

मागच्या बायका हसल्या. मीही हसले. काय करणार?

अमेरिकेत, एडिसनमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. आपल्या मराठी मुलांच्या समर कॅम्पचा शेवटचा दिवस. एका बाजूला बटाटेवडे, एका बाजूला स्टेज. आधी गणेशवंदना झाली. मग खटला.

विषय वकीलकाकांचा. वकीलकाका म्हणजे काकूंचे मिस्टर आणि माझे बॉस. मृत्युपत्रं, वारसाहक्क ही त्यांची प्रॅक्टिस. मुलांना मॉक ट्रायल, म्हणजे लुटुपुटूचा खटला, शिकवली की कॉलेजच्या अर्जात छान दिसतं, म्हणून हे सगळं. गोष्ट इंग्रजांच्या राज्यातल्या अमेरिकेची. एक मळेवाला मरतो. मागे दोन मुलगे. जमीन, घोडे, चांदीची भांडी आणि एक गुलाम बाई, गरोदर. बाई कुणाची, पोटातलं मूल कुणाचं, यावर दोन्ही भावांचे वकील भांडतात.

त्या काळचे असले खटले मीच शोधून काढले होते. मी नागपूरला एलएलबी केलं, इथं येऊन पुढचं शिकले, आणि काकांकडे रिसर्चला लागले. काही ठिकाणी कायदा गुलाम माणूस जमिनीत धरायचा, काही ठिकाणी सामानसुमानात. जमिनीत धरलं तर थोरल्याला जास्त. सामानात धरलं तर सगळ्यांत वाटणी. शिकलेसवरलेले वकील टोप घालून, मान झुकवून, अदबीनं हे भांडायचे. आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवत असतील, नाही का?

आमच्या मुलांच्या टोपांसाठी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून वातींचा कापूस आणला होता. वकील व्हायला सगळे तयार. बाई व्हायला कुणी नाही. जिला ते काम दिलं होतं तिच्या आईचा फोन आला, "आमची मुलगी असला रोल करणार नाही हं." मग काका माझ्याकडे वळले.

"तू उभी राहा गं. डायलॉग नाहीत तुला."

"सर, मला नको."

"अगं, तुझी फाइल पुढे पाठवायचीय ना?" हसत म्हणाले.

ते हसून म्हणाले तरी मला कळायचं ते कळलं. माझं ग्रीन कार्ड त्यांच्या सहीवर. नवरा माझ्या व्हिसावर. पोरगी सहावीत. ती सही थांबली की आमचं तिघांचं इथलं सगळं संपलं. म्हणून उभी राहिले.

खटला सुरू झाला. थोरल्या भावाची वकील एक गोड पोरगी होती, बारा वर्षांची. ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझं मनगट धरून हात वर केला. "युवर ऑनर, लुक. स्ट्राँग हँड्स." लोक खळखळून हसले. धाकट्याचा वकील म्हणाला, मग निदान पोटातलं मूल तरी आम्हाला द्या. न्यायाधीश वकीलकाका. त्यांनी हातोडा आपटला. बाई थोरल्याला. मूल जन्मलं की धाकट्याला. टाळ्या.

टाळ्या चालू होत्या आणि मला माझा आज्या आठवत होता.

मी त्याला पाहिलेलं नाही. बापानं सांगितलेलं. आमच्या गावात पाटलांच्या दोन भावांची वाटणी झाली. मळा झाला, बैल झाले, विहिरीची पाळी झाली. मग कामाची घरं. कामाची घरं म्हणजे आम्ही. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, खळ्यावर हात पसरायचा. घरं वाटून दिली. आज्या धाकट्या पाटलाला गेला, त्याचा सख्खा भाऊ थोरल्याला. पुढे पाटलांचं वैर झालं. तेव्हा या दोघांनीही एकमेकांच्या दारात जायचं नाही, असा हुकूम. आज्याचा भाऊ मेला. आज्याला मातीला जाऊ दिलं नाही. तो वेशीजवळच्या बाभळीखाली बसून लांबून धूर बघत राहिला. बाप हे सांगता सांगता उठून बाहेर जायचा.

ते कुणी कोर्टात नेलं नाही. तिथं वकिलांची गरजच पडली नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका चिमुरड्यानं विचारलं, "व्हॉट डिड द लेडी से?"

काका म्हणाले, "नथिंग, बेटा. प्रॉपर्टी डझन्ट टॉक."

पुन्हा हशा. माझी पोरगी तिसऱ्या रांगेत होती. ती हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. मी ते पोतं डोक्यावरून ओढून काढलं. केस विस्कटले, ओढणी खाली पडली. माईक घेतला. मी म्हणाले, "माझ्या आज्याची अशीच वाटणी झाली होती. इथं नाही. आपल्या महाराष्ट्रात. तुमच्या-माझ्या मराठीत." मग मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं. माझी जात सांगितली. या देशात पहिल्यांदा, मोठ्यानं. काकांना ती माझ्या आडनावावरून आधीच ठाऊक होती.

काका हातोडा ठेवून उठले.

"बास कर," काका म्हणाले. "मुलांचा प्रोग्राम आहे. इथं जात आणू नकोस."

"मी आणली नाही, काका. एका आईनं आपली पोरगी दिली नाही, तेव्हा तुम्हाला मी दिसले. मीच का दिसले, सांगा ना सगळ्यांना."

त्यांनी हात पुढे केला आणि माईक बंद केला.

मागच्या किचनमध्ये काकू म्हणाल्या, "चार लोकांत शोभा केलीस." काका शांत आवाजात बोलले. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "सोमवारी सगळ्यांना सॉरीचा ईमेल टाक. मग तुझ्या फाइलचं बघू."

गाडीत नवरा रडकुंडीला आला. "यार, एक सॉरी तर आहे. टाकून दे ना. पिंकीच्या शाळेचा तरी विचार कर." त्याची चूक नाही. तोही घाबरला होता आणि मीही. मग मागच्या सीटवरून पिंकी म्हणाली, "आई, आपण प्रॉपर्टी होतो का?"

"तसं समजायचे."

"हू?"

मी तिला सगळं सांगितलं. बाभळीसकट.

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि ईमेल टाकणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं. काकांनी एचआरच्या बाईला बोलावलं. दुपारी माझं लॉगिन बंद झालं. ग्रीन कार्डचा अर्ज मागे घेतला गेला. सामान खोक्यात भरताना एकानंही मान वर केली नाही. ज्या बायकांबरोबर रोज चहा प्यायले, त्यांनीही नाही.

तेव्हापासून दारं ठोठावतेय. इंटरव्ह्यू होतात. मग कुणीतरी काकांना फोन करतं आणि मग उत्तर येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलंय. व्हिसाची मुदत संपत आलीय. नवरा झोपेत बडबडतो. मला तर झोपच येत नाही. कधीकधी बाथरूमचा नळ सोडून मी ओक्साबोक्शी रडते, पिंकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तरी काकांच्या विरोधात इथल्या सरकारच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार दिलीय. पूर्ण नावानं, जातीच्या उल्लेखासह. निकाल लागेल तेव्हा मी या देशात असेन की नाही, ठाऊक नाही. परवा त्यांच्या वकिलाचा फोन आला. तक्रार मागे घेतली तर काका पुन्हा सही करतील, म्हणाला. फार अदबीनं बोलत होता.

मी नाही म्हणाले. त्यानं विचारलं, तुमच्या बाजूनं कोण बोलणार आहे?

मी म्हटलं, मीच. लिहून घ्या.