चर्चच्या दारातल्या दोन खुर्च्या

आमच्या बरोच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, प्रत्येक निवडणुकीत चर्चच्या हॉलमधल्या मतदान केंद्राबाहेर दोन खुर्च्या असायच्या. एकीवर लाल फीत लावून डोरीनमावशी, दुसरीवर निळ्या फितीवाला क्लिफर्ड. मत देऊन आलेल्यांचे मतदारयादीतले नंबर दोघं आपापल्या पक्षासाठी टिपायची, चहा मात्र एकाच थर्मासमधला.

एके वर्षी मावशीचा उमेदवार एका मताने पडला, तेव्हा तिला आठवलं, नंबर टिपण्याच्या नादात स्वतःचं मत द्यायचंच राहिलं!

"मेल्या, तुला दिसत होतं ना? आठवण करून द्यायची नाही?"

"विरोधकाला कोण आठवण करून देतं, बाई?" क्लिफर्ड म्हणाला. "पण मग मीही मत द्यायला आत गेलो नाही."

या हिवाळ्यात क्लिफर्ड वारला. मेमधल्या निवडणुकीत मावशी दिवसभर दारात एकटी बसली आणि मत न देताच परतली. मी चिडले.

"त्याचं एक कमी झालंय," ती म्हणाली, "मग माझं कसं देऊ?"